फुकटची गोळी

९ एप्रिल

ताई,

साष्टांग नमस्कार घालायला कंबर वाकत नाही, तेव्हा उभ्यानेच घातला असं समज. फोन केला असता, पण फोनवर तुला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनाने जोडतेस. त्यापेक्षा कागद बरा.

तर आमची औषध योजना सुरू झाली! 'आमची' म्हणतोय ते उगाच नाही. पेन्शनरांच्या संघटनेतर्फे बोलणी करायला जे शिष्टमंडळ गेलं, त्यात मी होतो. सरकारी साहेब म्हणत होते, पंचाहत्तरच्या वरच्यांनाच देऊ. आम्ही साठ मागत होतो. घोळ चालू राहिला असता तर आमच्यातले निम्मे बोलणी संपायच्या आत वर गेले असते. शेवटी मीच उठून म्हटलं, साहेब, सत्तर करा, पण आजपासून द्या. खाली कधी आणायचं ते पुढे बघू. झालं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, पण टाळ्या पहिल्यांदाच मिळाल्या.

काल जाऊन महिन्याच्या गोळ्या घेऊन आलो. जुन्या पोस्टाच्या खोलीत केंद्र उघडलंय. एक खिडकी, आत पोक्तसा औषधवाला, बाहेर लांब बाक. बाकावर जी चर्चा चालते ती ऐकायला तू हवी होतीस. बँडमास्तर म्हणतो, आधीची गोळी गुलाबी होती, ही पांढरी, हिच्यात काही राम नाही. रिटायर झालेला टपालवाला म्हणतो, सरकार देतंय ना, म्हणजे कसलीतरी निवडणूक जवळ आली. वाचनालयाच्या बाई सगळ्यांना गप्प करतात आणि म्हणतात, मिळतंय तर गिळा मुकाट्याने. मी आपला सगळ्यांना समजावत बसतो.

तुझ्याकडेही केंद्र उघडलं असेल. कार्ड करून घे. आपल्या घराण्यात सोनंनाणं काही उतरलं नाही, रक्तदाब तेवढा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्याच्यावर तरी सरकारकडून काही वसूल करू.

हिचा नमस्कार. ती बरी आहे.

तुझा,
खिळ्या

•

२४ एप्रिल

खिळ्या,

उभ्याने घातलेला नमस्कार बसूनच स्वीकारला. माझे गुडघे तुझ्या कंबरेच्या वरताण आहेत.

टाळ्या मिळाल्या म्हणून हुरळून जाऊ नकोस. लहानपणी दिसेल त्या लाकडात खिळे ठोकायचास तेव्हाही शेजारची पोरं टाळ्या वाजवायची, आणि नंतर आईचा मार तू एकटाच खायचास.

कार्ड केलं. तू म्हणालास म्हणून केलं. गोळ्याही आणल्या, तुझ्यासारख्याच, सकाळ-संध्याकाळच्या. आणल्या आणि बटणांच्या डब्यात टाकल्या. त्या मी घेणार नाही. अरे, मी उभा जन्म सरकारी दवाखान्याच्या धोबीखान्यात काढला. सरकारी चादर दोनदा धुतली की तिची चाळणी व्हायची. नवी म्हणून यायची तीच मुळी विरलेली. चादरीत जे मारतात ते गोळीत सोडतील होय? फुकटचं औषध अंगाला लागत नाही, हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. मी आपली दुकानातली घेते, चांदीच्या पाकिटातली.

त्या दिवशी एक मुलगी मत विचारायला घरी आली होती. योजनेबद्दल समाधानी, असमाधानी की सांगता येत नाही? मी म्हटलं, असमाधानी. ती म्हणाली, आजी, गोळ्यांनी त्रास झाला का? मी म्हटलं, अगं घेतल्या असत्या तर झाला असता. बिचारी बराच वेळ कुठे खूण करायची ते शोधत होती.

एक विचारायचं राहिलं. तुझी ती सत्तरची अट. तुझी बायको, आपली धाकटी, अजून सत्तरची नाही ना? तिलाही दाब आहे. मग तिचं काय करता?

ताई

•

२० मे

ताई,

पत्र उशिरा लिहितोय. चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक, रेघ सरळ येत नाही. डोकंही जरा जड असतं. उन्हाचं असेल.

तू गोळ्या बटणांत ठेवतेस हे वाचून कपाळावर हात मारला. अगं, चादर निराळी, गोळी निराळी. मी औषधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, आतलं औषध तेच असतं, फक्त पाकीट साधं. दुकानात तुला चांदीचे पैसे पडतात. पण तुला सांगून उपयोग नाही. तुझं मत म्हणजे गंजलेला नट, पाना फिरतो, नट जागचा हलत नाही.

आमचं सगळं छान चाललंय. सकाळी चहाच्या आधी मी दोन झाकणं मांडतो, एक हिचं, एक माझं. गोळ्या काढायचं काम आता माझ्याकडे आहे. हिला त्या पट्टीतून गोळी ढकलायला जमत नाही, बोटं दुखतात.

खाली ती दोन ओळी लिहायची म्हणतेय. लिहू दे.

खिळ्या

वन्सं, नमस्कार. तुमची काळजी कळली. माझ्या गोळ्यासुद्धा ह्यांच्याबरोबरच केंद्रातून येतात. ह्यांनी माझं नाव घातलंय. मध्यंतरी मी गोळ्या सोडल्याच होत्या, म्हटलं खर्च कशाला. ह्यांना कळलं तेव्हा फार चिडले. लगेच जाऊन व्यवस्था करून आले. आता काही काळजी नाही. तुम्ही गुडघ्यांना जपा.

•

२ जून

खिळ्या,

हे मी फक्त तुला लिहितेय. धाकटीला दाखवू नकोस.

तिचं नाव कसं घातलंस? मी इथल्या केंद्रात विचारलं. सत्तरला एक दिवस कमी असेल तरी गोळी देत नाहीत. नवरा, बायको, कोणीही असो. म्हणजे तू ओळख लावलीस. ज्या योजनेसाठी टाळ्या घेतल्यास तिच्यातच मागच्या दाराने बायकोला घुसडलंस.

तू असं करशील असं वाटलं नव्हतं रे. बाबा गेले तेव्हा तू एवढासा होतास, पण दुकानदाराने चुकून जास्त दिलेली मोड परत करायला भर दुपारी पळत गेलेला तू. लिफ्टमध्ये चारच्या जागी पाचवा माणूस चढला म्हणून बंगलेवाल्या साहेबाला दंडाला धरून बाहेर काढलंस, ती गोष्ट तू कितीदा सांगितलीस! आणि आता?

बायकोसाठी केलंस ते समजतं. पण मग बाकावर बसून इतरांना समजावू नकोस. दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान!

ताई

•

१५ जुलै

ताई,

पकडलंस. हो, घुसडलं हिचं नाव. औषधवाला जिथे राहतो तिथली लिफ्ट मीच बसवली होती. एक शब्द टाकला, त्याने काम केलं. तुला जे म्हणायचं ते म्हण, मी ऐकून घेईन. तुझा बोलायचा हक्कच आहे.

पण हिला यातलं काही लिहू नकोस. हात जोडतो. तिला कळलं तर लाजेने ती पुन्हा गोळ्या सोडेल. मागे सोडल्या तेव्हा स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली होती, ते मी तुला लिहिलं नव्हतं. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी तिची मात्रा वाढवली. आता तिलाही सकाळ-संध्याकाळ, माझ्यासारखंच.

बाकावरचं म्हणशील तर आता मीही फारसा बोलत नाही. जातो, घेतो, येतो. चढावर दम लागतो म्हणून मधे पुलाच्या कठड्यावर टेकतो.

एक मागणं आहे. त्या बटणांतल्या गोळ्या एकदा महिनाभर घेऊन बघ. तुझ्या डॉक्टरकडून दाब मोजून घे आणि खरं काय ते मला कळव. नाही लागू पडल्या तर तसं लिही, मी मान्य करीन. पण लागू पडल्या तर तेही लिही. बाकी जगाने काहीही म्हणू दे, तू चांगलं म्हणालीस तर मला बरं वाटेल.

खिळ्या

•

१ ऑगस्ट

खिळ्या,

तुझं अक्षर बघून वाटलं, पत्र बसमध्ये लिहिलंस की काय. चष्मा बदल आधी. आणि दाब मोजून घे. दुसऱ्याला सांगतोस, तुझा कोण मोजणार?

घुसडलंस ते घुसडलंस. मी धाकटीला काही लिहिलं नाही, लिहिणारही नाही. माझा राग म्हणशील तर उतरलाय. कधी नव्हे तो तू वाकडा वागलास, तेही बायकोसाठी. चार लोकांपुढे मी हे म्हणणार नाही, पण माझ्या नवऱ्याने माझ्यासाठी एक रांगसुद्धा मोडली नसती.

पण गोळ्यांचं मात्र सांगू नकोस. मी घेणार नाही म्हणजे नाही. केंद्रातून दर महिन्याला आणते, कार्ड बंद पडू नये म्हणून, आणि डब्यात टाकते. डबा आता इतका भरलाय की बटणं बरणीत काढून ठेवावी लागली. ती मत विचारणारी मुलगी पुन्हा आली तर तिला डबाच दाखवीन म्हणते. तुझा हट्ट तो हट्ट आणि माझी ती समजूत.

गुडघे जरा बरे झाले की येतेच तुमच्याकडे. तेव्हा भांडू.

ताई

•

१९ ऑक्टोबर

वन्सं,

शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही आलात, माझ्याजवळ राहिलात, गेलात. माणसांच्या येण्याजाण्यात आपलं दोघींचं धड बोलणं झालंच नाही. आता घर रिकामं झालंय आणि लिहायला वेळच वेळ आहे. पण लिहायचं ते कसं लिहू कळत नाही.

हे गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, मेंदूतली शीर फुटली, दाब फार वाढला असणार. मी म्हटलं, असं कसं, रोज न चुकता गोळ्या घेत होते, माझ्या डोळ्यांसमोर. 

गेल्या आठवड्यात माझ्या गोळ्या संपल्या. मी पहिल्यांदाच स्वतः केंद्रात गेले. तो औषधवाला उठून उभा राहिला, ह्यांच्याबद्दल चार शब्द बोलला. मग म्हणाला, काकांचं कार्ड आता बंद झालं. मी म्हटलं, ते ठाऊक आहे, माझ्या नावाचं द्या. तो म्हणाला, काकू, तुमचं नाव आमच्याकडे कधीच नव्हतं.

मला वाटलं ह्याची काही चूक होतेय. पण त्याने बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. योजना सुरू झाल्यावर काही दिवसांनी ह्यांनी त्याला विचारलं होतं, बायकोला अटीत बसवता येईल का. तो म्हणाला, नाही येणार. त्यावर हे म्हणाले, बरोबर आहे तुमचं, ती अट मीच मान्य करून आलोय. पुन्हा कधी विषय काढला नाही. औषधवाल्याची आणि ह्यांची आधीची ओळख नव्हती. तो राहतो त्या घराला तर लिफ्टच नाही.

वन्सं, केंद्रातून घरी येईपर्यंत मला एकेक दिसायला लागलं. सकाळी दोन झाकणं मांडायचे. माझ्या झाकणातली गोळी मी घ्यायची. स्वतःची गोळी मुठीत घेऊन तोंडाकडे न्यायचे, मान मागे टाकायचे, वर घटाघटा पाणी प्यायचे. मी रोज समोर बसून बघत होते. त्या मुठीत काय आहे ते कधी बघितलं नाही. कोण बघतं? आधी निदान संध्याकाळची तरी त्यांच्या पोटात जात असेल. जुलैत डॉक्टरांनी माझी मात्रा वाढवली, त्यानंतर तीही माझ्याच झाकणात आली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या घरात ती रोज रिकामी होती आणि मी समोर बसून चहा पीत होते.

मार्चपासून कंपनीने ह्यांचं पेन्शन निम्म्यावर आणलं होतं. ते मला ठाऊक होतं. तुम्हाला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली होती. म्हणूनच मी आधी गोळ्या सोडल्या होत्या. मी त्यांना चोरून सोडल्या, त्यांनी मला चोरून सोडल्या. आमच्या जन्माच्या संसारात एकमेकांपासून लपवलेली ही एकच गोष्ट असेल.

तुम्हाला त्यांनी काही लिहिलं होतं का? ठाऊक असलं तर सांगा. ठाऊक असून सांगितलं नसेल तरी सांगा. मी रागावणार नाही.

माझी काळजी करू नका. मला फेब्रुवारीत सत्तर पूर्ण होतील. तोवर बघू कसं जमतं ते.

तुमची,
धाकटी

•

३० ऑक्टोबर

धाकटे,

या पत्राबरोबर एक डबा येतोय. आधी तो उघड. त्यात गोळ्या आहेत, सगळ्या त्याच, तू घेतेस त्याच. एकेका पट्टीवरची तारीख भिंगातून बघितली आहे. एखादं बटण निघालं तर बाजूला ठेव. आजच्या आज घ्यायला लाग. पत्र नंतर वाच.

मला ठाऊक नव्हतं. तू विचारलंस म्हणून आधी हे लिहिते. मी त्याच्यावर आळ घेतला होता. ओळख लावून तुझं नाव घुसडलं असं म्हटलं होतं, आणि तो हो म्हणाला. औषधवाल्याच्या घरची लिफ्ट बसवल्याची ती थाप मलाच मारली होती. अगं, माझ्या भावाने चोरी केली नव्हती आणि माझ्याकडून चोर म्हणवून घेतलं. एक ओळ त्याने खरी लिहिली असती तर! पण खरी ओळ लिहायची म्हणजे सत्तरच्या अटीत स्वतःचीच बायको अडकली हे कबूल करायचं. आणि तेही माझ्यापुढे, जिने पहिल्या पत्रातच त्याच्या टाळ्यांची टर उडवली होती. मीच त्याला जागा ठेवली नाही गं.

आणि ह्या गोळ्या माझ्याकडे पडून होत्या. हे मी कसं सोसू ते मला सांग. तो तिथे मूठ झाकून पाणी पीत होता तेव्हा मी इथे दर महिन्याला डब्याचं झाकण दाबून बसवत होते. तुम्हा दोघांना पुरून उरल्या असत्या. मला चादरी आठवत होत्या! रात्रभर मी तो डबा मांडीवर घेऊन बसले आणि त्याला आणि मला, दोघांना शिव्या दिल्या. त्याला जास्त दिल्या. तो मेला म्हणून काय झालं, मी मोठी आहे.

दर महिन्याला केंद्रातून आणीन आणि तुला पाठवीन. नको म्हणू नकोस. म्हणालीस तर गुडघ्यांसकट तिथे येऊन बसेन.

ताई

•

२२ फेब्रुवारी

वन्सं,

तुमच्या डब्यावर मी ही थंडी काढली. डॉक्टरांनी परवा मोजला, म्हणाले, दाब अगदी ताब्यात आहे, कुठल्या गोळ्या घेता? मी म्हटलं, नणंदेच्या.

माझं कार्ड झालं. आता पाठवू नका, मला माझ्या मिळतात. पहिल्या दिवशी बाकावर बसले तेव्हा बँडमास्तरांनी सरकून जागा करून दिली. ह्यांची जागा तीच होती म्हणाले. त्यांचं अजून गुलाबी गोळीचं पालुपद चालूच आहे.

तुमच्याकडे आली होती तशी एक मत विचारणारी मुलगी काल इथेही आली होती. योजनेबद्दल आपण समाधानी आहात का? मी आधी तिला चहा दिला. मग म्हटलं, बाई, चांगली आहे हो. फक्त सत्तरच्या आत आजारी पडायचं नाही, एवढं सांभाळावं लागतं. तिने ते लिहून घेतलं की नाही माहीत नाही. तिच्या पानावर त्याला जागा नव्हती.

सकाळी अजून दोन झाकणं मांडली जातात. हात आपोआप जातो. मग एक उचलून ठेवते. आज तेवढं जमलं नाही, दिवसभर दोन्ही तशीच राहिली.

तुम्ही गोळ्या घेता ना वेळेवर?

तुमची,
धाकटी

•

३० मार्च

धाकटे,

घेते. कुठल्या घेते ते ऐक.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी चांदीची पाकिटं आणणं बंद केलं. या महिन्याच्या केंद्रातल्या गोळ्या तुला पाठवायच्या नव्हत्या आणि डब्यात टाकायचा धीर होईना. एक काढून तोंडात टाकली. म्हटलं, काय व्हायचं ते होऊ दे. महिना झाला. आज सकाळी डॉक्टरकडे जाऊन आले. त्याने पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला. खात्री पटेना म्हणून मी त्याला दुसऱ्या हाताचाही मोजायला लावला. दोन्ही हातांत सारखाच निघाला. माझा दाब इतका चांगला कित्येक वर्षांत नव्हता म्हणाला.

घरी येऊन त्याचं जुलैचं पत्र काढलं. घेऊन बघ आणि खरं काय ते कळव, असं त्याने लिहिलं होतं. त्याचं उत्तर मी दिलं नाही. हट्ट लिहून पाठवला. आता उत्तर तयार आहे आणि पत्ता नाही. म्हणून तुझ्याकडे पाठवते. सकाळी चहाच्या वेळी, ते दुसरं झाकण उचलायच्या आधी, एकदा मोठ्याने वाच:

खिळ्या, गोळी चांगली आहे रे. लागू पडली.

ताई